पोटातलं पोटात

वीज कंपनीच्या तक्रार विभागात मी पुष्कळ वर्षं कानाला हेडफोन लावून बसले. वीज गेली, बिल भरमसाट आलं, खांबावर ठिणग्या उडतायत, मीटर पळतोय. समोरचा माणूस तोंडाला येईल ते बोलायचा, मी तक्रार नोंदवायची, नंबर द्यायचा आणि शेवटी विचारायचं, “आणखी काही मदत करू शकते का?” हे वाक्य म्हणजे फोन ठेवायची सभ्य रीत होती. लोकांनाही ते ठाऊक होतं.

एकदा एका मुलाचा फोन आला. आवाजावरून कॉलेजातला वाटला. खोलीतले दिवे गेलेत म्हणाला. मी पाहिलं तर त्या भागात वीज होती. मेन स्विच बघायला सांगितला, त्याने बघितला, दिवे लागले. मी सवयीने विचारलं, आणखी काही मदत करू शकते का? तो म्हणाला, “हो.” आणि गप्प बसला. त्या प्रश्नाला कोणी हो म्हटलं तर पुढे काय बोलायचं, हे आम्हाला कोणी शिकवलंच नव्हतं. मी शब्द शोधत होते तोवर त्यानेच “जाऊ द्या” म्हणून फोन ठेवला. पुढे मुलाखतींत मला विचारायचे, तुम्हाला समुपदेशक का व्हावंसं वाटलं? तेव्हा मी समाज, तरुण पिढी असलं काहीतरी छापील बोलायचे. त्या मुलाबद्दल बोलणं जिवावर यायचं.

चाळिशीत संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं. तेव्हा दादाकडे राहत होते. दादा म्हणाला, “लोकांची रडगाणी ऐकायला शिकायचं कशाला? फुकट मिळतात. वहिनीजवळ जाऊन बस.” वहिनी आतून म्हणाली, “माझं ऐकायला यांना कधी वेळ मिळाला? बसू दे की तिला.” दोघं त्यावरून भांडत राहिली आणि मी फी भरून आले. माझ्या शिकण्याला कोणाचा विरोध असा नव्हताच. कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं, एवढंच. विरोध असता तर निदान भांडता आलं असतं.

लेखी परीक्षा मी धडाधड पास झाले आणि प्रात्यक्षिकात सपशेल आपटले. काचेपलीकडे परीक्षक बसतात आणि अलीकडे आपण खऱ्या विद्यार्थ्याशी बोलायचं, अशी ती परीक्षा. माझ्यासमोर आलेली मुलगी वसतिगृहातल्या मैत्रिणीमुळे रडवेली झाली होती. मी तिला बघता बघता तीन उपाय सांगितले, खोली बदलण्याचा अर्ज कुठे मिळतो ते सांगितलं आणि विचारलं, “आणखी काही मदत करू शकते का?” मुलगी डोळे पुसत थँक्यू म्हणून निघून गेली. मी विजयी मुद्रेने काचेकडे पाहिलं. आमच्या शिकवणाऱ्या बाई बाहेर आल्या त्या कपाळाला हात लावूनच. म्हणाल्या, “तुम्ही तिची तक्रार बंद केलीत. अहो, समोर माणूस बसलंय, मीटर नाही.”

पुन्हा एक वर्ष गेलं. दुसऱ्या खेपेला मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले, कारण हात मोकळे असले की मला उपाय सुचतात. पास झाले. मग नोकरीसाठी फिरले. एका ठिकाणी वय जास्त म्हणाले, दुसरीकडे अनुभव कमी म्हणाले. एकाच बाईचं वय जास्त आणि अनुभव कमी असू शकतो, हे मला तेव्हा कळलं. शेवटी खूप लांबच्या एका लहान शहरातल्या कॉलेजने बोलावलं. एक वर्षाची तात्पुरती नेमणूक, पुढचं पुढे.

प्राचार्यांनी प्रमाणपत्रं चाळली आणि विचारलं, “या शहरात तुमचं कोणी आहे? नातेवाईक, ओळखीचं?”

“कोणी नाही.”

“उत्तम,” ते म्हणाले आणि त्यांनी कारण सांगितलं. आधीच्या समुपदेशक बाई इथल्याच होत्या. मनाने फार चांगल्या, पण त्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे. एका मुलाची गोष्ट त्यांनी काळजीपोटी त्याच्या आत्याच्या कानावर घातली, तीही दुकानात, भाजी निवडता निवडता. त्यानंतर त्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर एकही विद्यार्थी बसला नाही. बाई कंटाळून गेल्या आणि खोलीत खेळाचं सामान ठेवायला लागले. “एक शब्द बाहेर गेला की संपलं,” प्राचार्य म्हणाले. “म्हणून आम्हाला असं माणूस हवं होतं, ज्याचं इथे कोणीच नाही.” माझं कोणी नसणं जन्मात पहिल्यांदाच पात्रता ठरत होतं. मी हसून मान डोलावली. परतीच्या बसमध्ये मात्र त्या ‘उत्तम’चा राग येत राहिला.

खोलीला रबराचा वास होता. चेंडू, जाळ्या, हवा भरायचा पंप हलवून मी तिथे दोन खुर्च्या मांडल्या. भिंती पातळ होत्या. आतलं बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून मी दाराबाहेर एक जुना टेबलफॅन ठेवला, भिंतीकडे तोंड करून. तो असा घरघर करायचा की आतलं काही ऐकू येत नसे. येणारे-जाणारे माझ्याकडे विचित्र नजरेने बघत. शिपाईमामा एकदा म्हणाले, “मॅडम, भिंतीला उकडतंय का?” सुरुवातीला बाक रिकामाच असायचा. मग एक जण आला, तो इतरांना काहीतरी बोलला असणार, कारण हळूहळू बाक भरायला लागला.

बाहेर मात्र आम्ही अनोळखी. आपल्याकडे येणारं कोणी रस्त्यात दिसलं तर आपण होऊन ओळख दाखवायची नाही, असा आमच्या कामाचा नियम आहे. त्याने दाखवली तर हसायचं. बहुतेक मुलं दाखवत नाहीत. त्यामुळे मी अशा शहरात राहत होते, जिथे पन्नास मुलांच्या मनातलं मला ठाऊक होतं आणि नमस्कार करायला एक माणूस नव्हतं. सुट्टीच्या दिवशी कधीकधी संध्याकाळ व्हायची आणि लक्षात यायचं, आज आपण एक शब्दही बोललेलो नाही. मग मी उगाच घसा साफ करून बघायचे.

मी राहत होते ती खोली एका शिंपीणबाईंची होती. खाली त्यांचं दुकान आणि घर, वर मी. गणवेश, कोट, पडदे, काहीही शिवायच्या. सगळं गाव त्यांना टेलरताई म्हणायचं, मी नुसतं ताई म्हणायला लागले. नवरा फार पूर्वी सोडून गेला होता आणि त्याच्याबद्दल त्या एक वाक्य बोलायच्या: “तो विषय मी उसवून टाकलाय.” एक मुलगी, आमच्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून ताई तिला भिंगरी म्हणायच्या.

पहिल्या महिन्यात ताईंनी जिन्यातून हाक मारली, “वर एकटी काय करतेस? खाली ये, मला पडद्याचं टोक धरायला माणूस हवंय.” मी टोक धरलं, मग जेवायलाच बसले. नंतर तो रोजचा परिपाठ झाला. ताई ओठांत टाचण्या धरून बोलायच्या, त्यामुळे त्यांचं निम्मं बोलणं मला अंदाजाने कळायचं. मी त्यांना तक्रार विभागातली माणसं नकला करून दाखवायचे आणि त्या हसताना टाचणी गिळतील म्हणून आम्ही दोघी घाबरायचो. माझ्या एका कुर्त्याची बाही त्यांनी न सांगता आखूड केली, म्हणाल्या, “तू जेवताना बाही आमटीत बुडवतेस, मी किती दिवस बघत बसू?” इतक्या बारकाईने माझ्याकडे कोणी पाहिल्याला जमाना झाला होता. त्या रात्री वर जाऊन मी रडले, आनंदानेच. भिंगरी मला मावशी म्हणायला लागली.

आणि एका दुपारी दाराबाहेरच्या बाकावर भिंगरी बसलेली दिसली.

“घरी बोलू या का?” मी विचारलं.

“घरी मावशी असते,” ती म्हणाली. “मला मॅडम पाहिजेत.”

ओळखीच्या माणसाला घेऊ नये, दुसरीकडे पाठवावं, हा आमचा दुसरा नियम. पण त्या शहरात दुसरीकडे असं काही नव्हतंच. मी तिला थांबायला सांगून माझ्या शिकवणाऱ्या बाईंना फोन केला, नाव न घेता सगळं सांगितलं. बाईंनी दोन-तीन प्रश्न विचारले. मग म्हणाल्या, “दुसरं कोणी नसेल तर ऐकून घ्या. पण त्या घरी जेवायला बसाल तेव्हा यातलं काहीही ताटावर येता कामा नये. जमेल?” मी म्हटलं, जमेल. कसं जमेल याचा मी जराही विचार केला नव्हता.

भिंगरी जे बोलली ते मी एरवी इथेही लिहिलं नसतं. पुढे तिने स्वतःच ते घरात सांगितलं आणि गावभर झालं, म्हणून लिहिते. ती तिच्या वडिलांना भेटत होती. त्यांनीच शोधून काढलं होतं तिला. ते दुसऱ्या शहरात राहत होते, अधूनमधून येत, स्टेशनजवळच्या हॉटेलात चहा पाजत. तिला ते आवडायला लागले होते आणि त्याची तिला इतकी लाज वाटत होती की वर्गात बसल्या बसल्या छातीत धडधडायचं. तास बुडवायला लागली होती. वडील म्हणत होते, शेवटचं वर्ष माझ्याकडे राहून कर. आईला सांगायची तिची छाती होत नव्हती.

जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतो का, हे मी तिला सरळ विचारलं. तसं असतं तर नियमच सांगतो की घरच्यांना सांगा, आणि माझी सुटका झाली असती. ती म्हणाली, “छे, मावशी. मॅडम. तसलं काही नाही.” तिचं खरं होतं. म्हणजे माझ्या तोंडाला कुलूप.

त्यानंतरची जेवणं मला घास मोजून गिळल्यासारखी झाली. भिंगरी मान खाली घालून जेवायची. ती उठून गेली की ताई सुरू व्हायच्या. “पोरगी बदललीय गं. आधी बडबडून डोकं उठवायची, आता भिंतीसारखी बसते. काय झालं असेल?” मी म्हणायचे, “तिलाच विचारा ना शांतपणे.” “विचारते तर म्हणते, काही नाही. तू शिकलीस ना हे सगळं? तुझ्या पुस्तकात काय म्हणतात?” मी मूग गिळून बसायचे. मला त्यांना घट्ट धरून सांगावंसं वाटायचं की ताई, सावध व्हा, तुमचं माणूस हातचं चाललंय. आणि दर आठवड्याला खोलीत मी भिंगरीला तेच विचारत होते, आईला कधी सांगशील? ती म्हणायची, पुढच्या आठवड्यात.

एका संध्याकाळी ताईंनी जेवण वाढलंच नाही. मशीनपाशी बसून राहिल्या. तोंडात टाचण्या नव्हत्या.

“कोट न्यायला तुमच्या कॉलेजातल्या एक बाई आल्या होत्या,” त्या म्हणाल्या. “म्हणाल्या, तुमची मुलगी त्या पंख्याच्या खोलीबाहेर बसलेली दिसते. येते का ती तुझ्याकडे?”

‘नाही’ म्हटलं असतं तर सगळं जागच्या जागी राहिलं असतं. ताईंनी विश्वास ठेवला असता, त्यांना ठेवायचाच होता. तो शब्द माझ्या ओठांवर आला होता, हे मी कबूल करते. पण एका आईला ‘नाही’ असं उत्तर दिलं की पुढच्या आईला ‘सांगत नाही’ म्हटल्यावर तिला ‘हो’च ऐकू येणार. म्हणून सगळ्यांना एकच उत्तर द्यायचं असतं.

“ताई, माझ्याकडे कोण येतं, कोण नाही, हे मी कोणालाच सांगत नाही. प्राचार्यांनाही नाही.”

“मी प्राचार्य आहे का?”

“नाही.”

“मी तिची आई आहे. आणि तू रोज माझ्या हातचं जेवतेस.”

“म्हणूनच तर मला फार वाईट वाटतंय,” मी म्हटलं. “पण मी सांगू शकत नाही.”

त्यांनी मशीनवर झाकण घातलं. मग म्हणाल्या, “बरं.” आणि उठून जेवण वाढलं. भिंगरी आली, तिघी जेवलो.

दुसऱ्या दिवशी मी भिंगरीला सांगितलं, “आई वेड्यासारखी काळजी करतेय. मला काही सांगता येत नाही, तुलाच सांगावं लागेल.” तिने शेवटी सांगितलं, त्याच संध्याकाळी, पण वाईट रीतीने सांगितलं. मी वर होते. खालची मशीन चालायची थांबली, ते मला ऐकू आलं. मग ताईंचा आवाज चढला, मग मुलीचा. त्यात एक वाक्य स्पष्ट कानावर पडलं, “मावशीला सगळं माहितीये, तिला विचार!” मी जिन्यापर्यंत गेले आणि तिथेच उभी राहिले. खाली जाऊन मी नक्की कोण म्हणून बोलणार होते, ते मला ठरवता येईना.

वर्ष संपल्यावर भिंगरी वडिलांकडे गेली. तिला सोडायला ताई गेल्या नाहीत. मला कोणी बोलावलं नाही. ताईंनी मला भांडून हाकलून दिलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त हाक मारणं बंद केलं. जिन्यात भेटल्या तर अंग चोरून वाट द्यायच्या. मी दोनदा दार वाजवलं, दोन्ही वेळा आतून उत्तर आलं, “कामात आहे.” माझी एक उसवलेली बॅग मी बाजारातल्या दुसऱ्या शिंप्याकडे नेली तेव्हा त्याने विचारलं, “टेलरताईंच्या घरात राहता ना तुम्ही? मग इकडे कशा?” मी बॅग ठेवून निघाले.

त्याच सुमाराला प्राचार्यांनी बोलावून सांगितलं की माझी नेमणूक कायम झाली. मुलं येतात, कोणाची तक्रार नाही, बाहेर कुठे चर्चा नाही. “अगदी हवं तसं काम करताय,” ते म्हणाले. मी दादाला फोन केला. तो म्हणाला, “अरे वा, छान,” आणि मागे टीव्हीचा आवाज मोठा होता. मी खोलीवर आले. खाली मशीन चालू होती. दोन वर्षांपूर्वी याच बातमीसाठी मी काय वाटेल ते दिलं असतं. आता ती सांगायला एक जिना उतरायचा होता आणि तो मला उतरता येत नव्हता.

नवं वर्ष सुरू होऊन काही दिवस झाले होते. दुपारची शेवटची मुलगी गेली आणि दार लावायला मी बाहेर आले, तर बाकावर ताई बसलेल्या. पर्स मांडीवर घट्ट धरलेली. चेहरा पार उतरला होता.

“पालकांनाही भेटता ना इथे?” त्यांनी विचारलं.

मी घाईने म्हटलं, “ताई, इथे कशाला? मी संध्याकाळी खाली येते ना. घरी बोलू.”

“घरी नको. घरी बोलायचं असतं तर जिना चढले असते.”

“पण ताई, मी तुमची... मी ओळखीचं माणूस आहे. तुमच्यासाठी दुसरं कोणी शोधून देते. बाहेरगावी आहेत चांगल्या बाई.”

“दुसरं कोणी नको.” त्या पंख्याकडे बघत बोलत होत्या. “मैत्रिणींची मला ददात नाही. मापं द्यायला येतात त्या सगळ्या मैत्रिणीच आहेत. त्यांना एक शब्द सांगितला की संध्याकाळपर्यंत गल्लीच्या टोकाला पोचतो. तू मला सांगितलं नाहीस. पोरीच्या सख्ख्या आईला सांगितलं नाहीस. किती रात्री मी तुला शिव्या घातल्या, तुला माहीत नाही. पण मग वाटलं, हिने मला सांगितलं नाही, म्हणजे माझंही ही कोणाला सांगणार नाही. असं माणूस मला या गावात दुसरं नाही.”

मी त्यांना आत घेतलं आणि दार लावलं. ‘तो विषय मी उसवून टाकलाय,’ एवढ्यावरच मी त्यांना वर्षभर ओळखत होते. त्या दिवशी त्या पहिल्यांदा त्या विषयावर बोलल्या. नवरा का गेला, त्यात कोणाचं किती चुकलं, आणि मुलीला आजवर काय सांगितलं नव्हतं. त्या काय म्हणाल्या ते मी लिहिणार नाही. त्या रडल्या तेव्हा मी उठून जवळ गेले नाही. समोरच्या खुर्चीत बसून राहिले, त्यांचं रडून होईपर्यंत. माझ्यातली वर्षभराची मैत्रीण त्यांना कुशीत घ्यायला धडपडत होती आणि मी तिला दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं.

निघताना त्यांनी तोंड पुसलं, केस सारखे केले. “पुढच्या आठवड्यात येऊ?”

“या,” मी म्हटलं.

“आणि घरी...”

“घरी मी तुमच्याशी यातलं काही बोलणार नाही.”

“यातलंच नाही, काहीच नको बोलूस,” ताई म्हणाल्या. रागाने नाही, थकून. “तुझ्यासमोर बसून मी सगळं ओतलं आणि मग तुझ्याच ताटात वाढायचं, ते मला जमणार नाही गं. मला दोन्ही मिळणार नाही. मला हेच पाहिजे.”

मी मान डोलावली. त्या गेल्या. मी पंखा बंद केला, खोलीला कुलूप लावलं आणि त्या घरी पोचेपर्यंतचा वेळ जावा म्हणून गावात लांबचा फेरा मारत राहिले, कारण आमच्या दोघींची वाट एकच होती.